बाईंनी धरलेलं टोक

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. दोरवाल्यांच्या गल्लीत आजही कुणाचं वय काढायचं झालं तर तेच साल धरतात. नटी आली त्याच्या आधीचा की नंतरचा, एवढं सांगितलं की पुरे. जन्मतारीख कुणी विचारत नाही.

त्याआधीची दोन वर्षं पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. गल्लीच्या टोकाला तळं होतं, पण त्यात गाळ एवढा साचला होता की पडलेलं पाणी थोडे दिवस अंग पसरून बसे आणि उडून जाई. दोरवाल्यांचा सगळा जीव त्या तळ्यात. घायपाताच्या पानांच्या जुड्या बांधायच्या, वर दगड ठेवून पाण्यात बुडवायच्या, कुजल्या की बडवून धुऊन त्यातला वाख, म्हणजे धागा, काढायचा. तो वाळवून, विंचरून मग चाकावर दोर. पाणी नसलं की पान कुजत नाही, नुसतं वाळतं, आणि वाळल्या पानाचा वाख विंचरताना काड्यांसारखा तुटतो. शिवाय त्या पानाचा चीक अंगाला लागला की आग आग होते. एरवी माणसं तळ्यात उतरून अंग धुवायची. त्या वर्षी बायका कोपरापर्यंत खाजवत बसायच्या आणि पोरांवर ओरडायच्या.

तळ्याला लागून शेवटचं घर काकीचं. ती कुणाची सख्खी काकी नव्हती, पण सगळी गल्ली तिला काकी म्हणे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. उंच, हाडकुळी, उजव्या हाताची करंगळी वाकडी. तरुणपणी दोर वळताना कुणाच्या तरी हातून टोक सुटलं होतं, त्याची ती खूण. नवऱ्याला लोक हूंभाऊ म्हणत, कारण काहीही विचारा, तो ‘हूं’ म्हणे. होकाराचा हूं वेगळा, नकाराचा वेगळा, आणि तो फरक फक्त काकीला कळे. घरात दोन मुली, थोरली आणि धाकटी. आणि हूंभाऊंची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती कायमची. काकी तिला वन्सं म्हणे.

त्या उन्हाळ्यात थोरलीचं लग्न ठरलं होतं. स्थळ पेठेतलं, दोरबाजारातलं. मुलाच्या वडिलांचं दोरांचं मोठं दुकान, आणि गल्लीतला अर्धा माल तेच घ्यायचे. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी शिंक्यापासून पाण्याच्या हंड्यापर्यंत सगळं घर न्याहाळलं आणि म्हणाले, “आम्हाला देणंघेणं काही नको. घर खाऊनपिऊन सुखी आहे, तेवढं पुरे. उपाशी घरची मुलगी आणली की तिच्यामागे अख्खं माहेर जेवायला येतं, हा आमच्या थोरल्या सुनेचा अनुभव.”

काकीने खाली मान घातली होती. त्या दिवसांत घरात एकदाच चूल पेटत होती, आणि तीही संध्याकाळी, म्हणजे धूर दिसेल तेव्हा. पण भांडी लखलखीत होती, जमीन सारवलेली होती, मुलींच्या वेण्या तेल लावून घट्ट घातलेल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि काकीने ती मूठ दोन वर्षं झाकून बोटं दुखवून घेतली होती.

अशात बातमी आली की शहरातली नटी येणार आहे.

ती नुसती नटी नव्हती. तिच्यासारखे केस बायका विंचरत, तिच्यासारखं मान वळवून बघत. वन्संनी तिचे सगळे चित्रपट पाहिले होते, काही तर नवऱ्याला खोटं सांगून. आता ती गावोगाव हिंडून गरिबांसाठी पैसे गोळा करत होती. आपल्या तळ्यावर ती एक छोटा चित्रपट करणार, तो सगळ्या थिएटरांत मोठ्या चित्रपटाच्या आधी दाखवणार, आणि जमलेल्या पैशातून तळ्याचा गाळ काढणार, असं पुढाऱ्यांनी गल्लीत येऊन सांगितलं. पुढारी म्हणजे गावचा कारभार बघणारे; पाच वर्षं त्यांच्या खिशात गाळाचा अर्ज होता आणि पाच वर्षं त्यांचा खिसा धुवायला जात होता, असं लोक म्हणत.

त्यावर गल्लीत जी चर्चा झाली तिला तोड नव्हती. शिंपी म्हणाला की यात नटीचा काहीतरी डाव आहे, तिचे गेले तीन चित्रपट आपटलेत, म्हणून आता गरिबांवर आली. कुणी म्हणालं, एवढा कळवळा आहे तर तिने एक बंगला विकावा, अशी दहा तळी खोदून होतील. वन्संना हे सहन होईना. त्यांनी शिंप्याला विचारलं की तू गेल्या वर्षी देवळात, रस्त्यात, कुठेही एक दमडी कुणाला दिलीस का. शिंपी म्हणाला, दिली असेल, पण मी सांगत फिरत नाही, दान उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये.

“तुझ्या उजव्या हाताचंच उजव्याला कळत नाही,” वन्सं म्हणाल्या.

काकी बडवायच्या फळीवर पानं आपटत होती. तिने मान वर न करता एवढंच म्हटलं, की ज्याला द्यायचं त्याने गुपचूप द्यावं, वाजंत्री लावून देणाऱ्याचं घेताना घेणाराही नाचतो असं दिसतं. हूंभाऊ म्हणाले, हूं. तो होकाराचा होता.

पण तळं सगळ्यांचं होतं. नको कोण म्हणणार?

दिवस ठरला. घर ठरलं काकीचंच, कारण समोर तळं आणि दाराशी दोर वळायची लांब मोकळी वाट. आणि इथेच त्या घराने ती चूक केली जी दोरवालेच करू जाणोत. पाहुणी येणार, तीही एवढी मोठी, म्हणून काकीने घराला आतून बाहेरून चुना लावला. शिंप्याकडून दोन खुर्च्या आणल्या. शेजारणीच्या कपबशा आल्या, कोपऱ्यातल्या दुकानदाराचं घड्याळ भिंतीवर चढलं. वन्संनी कुठून तरी काचेचं फूलपात्र पैदा केलं. थोरलीने लग्नासाठी शिवलेले निळे कपडे घातले, धाकटीला नवी रिबन मिळाली, हूंभाऊंनी दाढी केली आणि गाल कापून घेतला. सकाळी दारात उभं राहून काकीने घर पाहिलं तेव्हा तिला वाटलं, व्याही आत्ता आले असते तर बरं झालं असतं.

दोन गाड्या आल्या. पहिलीतून एक जाड चष्म्याचा माणूस उतरला, त्याच्यामागे कॅमेरावाले. चष्मेवाला दारात आला, आत बघितलं, परत बाहेर गेला आणि पुढाऱ्यांना विचारू लागला की आपण चुकीच्या घरी तर नाही ना आलो. पुढारी ओशाळे हसले. मग चष्मेवाल्याने काकीला समजावून सांगितलं. तो वाईट बोलला नाही. अगदी गोड आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की लोकांनी पैसे द्यायला हवेत, तर त्यांना वाटायला हवं ना की इथे गरज आहे. घड्याळ बघून कोण देईल?

घड्याळ उतरलं. खुर्च्या गेल्या. कपबशा, फूलपात्र, नवी चादर, सगळं शेजारी पोचलं. ज्या बायकांनी सकाळी कौतुकाने वस्तू आणून दिल्या होत्या, त्याच आता त्या परत नेत होत्या, आणि एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या. चुन्याच्या भिंतीवर एकाने ओल्या मातीचे हात मारले. तेवढंही काकीने दात आवळून सोसलं.

मग चष्मेवाल्याचं लक्ष थोरलीकडे गेलं. तिचे डोळे मोठे होते आणि त्या उन्हाळ्यात तोंड सुकल्यामुळे जास्तच मोठे दिसत होते. त्याने तिला निळे कपडे बदलायला सांगितले. वाख बडवताना घालायचे, चिकाने डाग पडलेले कपडे तिने घातले. मग तिला जमिनीवर बसवलं, पुढे एक ताटली ठेवली, ताटलीत चिमूटभर मीठ. आणि सांगितलं, ताटलीकडे बघ, मग सावकाश वर बघ.

थोरलीने आईकडे बघितलं.

काकीला काहीतरी म्हणायचं होतं. पण दारात पुढारी होते, अंगणात गल्ली उभी होती, तळ्यात भेगा पडल्या होत्या. थोरलीने ताटलीकडे बघितलं, सावकाश वर बघितलं, आणि कॅमेरा कुरकुर वाजत राहिला. चष्मेवाला म्हणाला, फार छान, पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी पोरीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आणि ते भुकेचं नव्हतं.

काकीच्या डोळ्यांपुढे पेठेतलं थिएटर आलं. व्याही दर आठवड्याला सहकुटुंब चित्रपटाला जातात हे तिला ठाऊक होतं. पडद्यावर हत्तीएवढं थोरलीचं तोंड, पुढे मिठाची ताटली, आणि अंधारात बसलेले व्याही. लग्न मोडलं, हे तिला तिथेच, मातीचे हात मारलेल्या भिंतीला टेकून, पक्कं कळलं.

नटीबाई दुसऱ्या गाडीतून उशिरा उतरल्या. पडद्यावर दिसत त्याहून बुटक्या, आणि वय झालेल्या. डोळ्यांखाली लावलेली पावडर घामाने फुटली होती. वन्संना वाटलं होतं आपण काहीतरी बोलू, त्या नुसत्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून निघालं, “या. बूट असू द्या.”

आता बाईंनी दोर वळताना दाखवायचं होतं. तीन पदर चाकाच्या आकड्यांना अडकवून हूंभाऊ चाकाशी उभे राहिले. वाटेच्या दुसऱ्या टोकाला तिन्ही पदर एका आकड्यात येतात, आणि तो आकडा धरून मागे रेलून कुणीतरी उभं राहावं लागतं. एरवी तिथे थोरली असायची. मधे तीन खाचांचा लाकडी ठोकळा घेऊन काकी. चाक फिरलं की पदरांत पीळ भरतो, ठोकळा पुढे सरकतो आणि त्याच्यामागे दोर आपोआप वळत जातो. बघायला हा खेळ वाटतो. पण पीळ भरलेल्या पदरांत केवढा जोर असतो ते धरणाऱ्यालाच ठाऊक. दोर पुरा होईपर्यंत टोक सोडायचं नाही. सुटलं तर सगळा पीळ उलटा येतो, ठोकळा हातातून उडतो, आणि पुढे काय मोडेल ते सांगता येत नाही.

चष्मेवाल्याने टोक बाईंच्या हाती दिलं. काकीने त्यांना पाय कसे रोवायचे ते दाखवलं आणि एवढंच सांगितलं, “मी सांगेपर्यंत सोडू नका.”

चाक फिरलं. पहिल्यांदा बाई हसत होत्या. मग पदर ताठले, आणि त्यांना ओढ कळली. हसू गेलं. त्यांनी टाचा मातीत रोवल्या, पाठ मागे टाकली. काकी ठोकळा धरून पावलापावलाने सरकत होती, पदर ठोकळ्यातून सूं सूं करत सुटत होते. अर्ध्या वाटेवर आली असेल नसेल, तेवढ्यात चष्मेवाल्याने हात वर केला.

“सुरेख, मॅडम, झालं. आता सोडा आणि इकडे वळून बघा. जरा हसा.”

काकीच्या मागेच, वाटेच्या कडेला, धाकटी उकिडवी बसून बघत होती. ठोकळा उडाला असता तर तिच्याच कपाळावर. काकीला ठोकळा सोडून मागे वळता येईना, ओरडावं तर पोर दचकून दोरावरच यायची. चष्मेवाला पुन्हा म्हणाला, मॅडम, सोडा, उजेड चाललाय.

बाईंनी सोडलं नाही. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांची नजर काकीच्या ठोकळ्यावर होती, ओठ दाताखाली. चष्मेवाला बडबडून थकला, कॅमेरावाल्याने काय करावं न सुचून कॅमेरा चालूच ठेवला, हूंभाऊ चाक फिरवत राहिले. बाईंच्या हातातला आकडा तळव्यात रुतत होता. चाकाची कुरकुर आणि पदरांचा आवाज, बाकी काही नाही. शेवटी ठोकळा चाकाशी पोचला, हूंभाऊंनी गाठ मारली, आणि काकी म्हणाली, “सोडा आता.”

बाई खालीच बसल्या. दोन्ही तळव्यांची साल गेली होती. चष्मेवाला धावत आला आणि विचारू लागला की मी सांगितलं तेव्हा सोडलं का नाही.

“यांनी सोडू नका म्हणून सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या.

काकी त्यांना आत घेऊन गेली. हंड्यातलं प्यायचं पाणी तिने त्यांच्या हातांवर घातलं. त्या दिवसांत ते पाणी असं कुणी घालत नसे, आणि हे बाईंना बहुतेक कळलं, कारण त्यांनी हात लवकर मागे घेतले. वन्संनी चहा ठेवला, बिनकपबशीचा, भांड्यातच. चष्मेवाल्याला बाहेर बसवलं. त्या खोलीत चार बायका होत्या, एक नटी आणि तीन दोरवाल्या. थोरली कोपऱ्यात अजून डागाळलेल्या कपड्यांतच होती.

शेवटी काकीनेच विचारलं. तिला फिरवून बोलणं येत नसे. “बाई, तुम्हाला द्यायचं आहे ना? मग गुपचूप का देत नाही? हे एवढं सगळं कशाला?”

वन्संनी तिला चिमटा काढला. बाईंना राग आला नाही. त्या फुंकर घालत चहा पीत होत्या. म्हणाल्या की पूर्वी गुपचूपच द्यायचे. वर्षाला एखादी विहीर, एखाद्या शाळेचं छप्पर. देऊन देऊन एकटीचं किती देणार? मग एकदा एका सभेत स्टेजवर उभं राहून मागितलं, तर लोकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. तेव्हापासून मागायची लाज सोडली. लोक हसतात, म्हणतात मिरवते. वर्तमानपत्रात व्यंगचित्रं येतात.

“आणि मिरवतेच मी,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला सांगू. चित्रपट चालत नाहीत आता. लोकांनी विसरू नये असं वाटतं. ते एक, आणि तळं एक, दोन्ही खरं आहे.”

काकीला त्या बाईचा राग यायला हवा होता आणि येत नव्हता. मग तिने थोरलीच्या लग्नाचं सांगितलं. व्याही कोण, काय म्हणाले, घरात चूल एकदाच पेटते आणि ती संध्याकाळीच का, सगळं. जे शेजारणीला कळू दिलं नव्हतं ते एका परक्या बाईला सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, “तुम्ही मिरवा. तुमचं तोंड आहे, तुमची कमाई आहे. हवं तेवढं मिरवा, त्यातून तळं झालं तर आमच्यावर उपकारच. पण माझ्या पोरीचं तोंड मिरवू नका. ते तिचं तिला जन्मभर वापरायचंय.”

बाईंनी थोरलीकडे बघितलं. मग भांडं खाली ठेवून उठल्या. त्या काय म्हणतात याकडे काकीचे कान लागले होते, पण त्या एवढंच म्हणाल्या, “बघते.” मोठ्या माणसांचं ‘बघते’ पुढाऱ्यांकडून पाच वर्षं ऐकलेलं. बाहेर चष्मेवाल्याशी त्यांची बाचाबाची झाल्याचं शिंप्याने सांगितलं, पण ती कशावरून ते त्याला समजलं नाही. गाड्या धूळ उडवत गेल्या. संध्याकाळी काकीने भिंतीवरचे मातीचे हात खरवडून काढले.

त्यानंतरचे दिवस काकीला सरता सरेनात. काम चालूच होतं. लांबच्या ओढ्यावर कुठे डबकं उरलं होतं, तिथे हातगाडीवरून जुड्या न्यायच्या, भिजवायच्या, परत आणायच्या. हूंभाऊंच्या खांद्याला गाडीच्या पट्ट्याचे वळ उठले. थोरली पूर्वी बडबडी होती, ती आता बापावर गेल्यासारखी हूं म्हणू लागली. एकदा वाख विंचरताना तिने आईला विचारलं की आपण खोटं वागत होतो की ते लोक? काकी म्हणाली, हात चालव. भुकेलं असून पोट भरल्यासारखं दाखवणारी आपण, आणि भूक असून ती पुरेशी दिसत नाही म्हणून मीठ मांडणारे ते. यात कुणाला खोटं म्हणावं हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मग निरोप आला व्याह्यांचाच. तुमच्या गल्लीचा चित्रपट पेठेत लागलाय, आम्ही सगळे बघायला जाणार, तुम्हीही या, तिकिटं काढून ठेवतो. वन्सं म्हणाल्या, झालं, आता तिथेच नारळ हातात देतील. हूंभाऊ हूं म्हणाले. तो कोणता होता ते पहिल्यांदाच काकीलाही कळलं नाही.

गेले. काकी, वन्सं आणि हूंभाऊ. थोरलीने पोटात दुखतं म्हणून सांगितलं आणि कुणी तिला आग्रह केला नाही. थिएटरात व्याही, विहीण, मुलगा आणि त्यांचा सगळा गोतावळा पुढच्या रांगेत, आणि ही तिघं त्यांच्या मागे. काकीला व्याह्यांची टोपी आणि लाल मान तेवढी दिसत होती. दिवे गेले. तिने वन्संचा हात धरला, तो तिच्याहून गार होता.

आधी तळं आलं, भेगाळलेलं. मग गल्ली, मग घायपाताच्या जुड्या. आता, काकी मनात म्हणाली, आता ताटली. पण आले ते चाकाशी उभे हूंभाऊ, कापलेल्या गालाचे. थिएटरात कुणीतरी हसलं. मग बाई. टोक धरून, मागे रेलून, केस सुटलेले, पावडर वाहिलेली, ओठ दाताखाली. किती तरी वेळ तेच होतं. मधे काकी ठोकळा घेऊन पाठमोरी चाललेली. चष्मेवाल्याचं बोलणं नव्हतं, नुसते पदर सूं सूं करत होते. हळूहळू थिएटरातली कुजबूज थांबली. शेवटी बाई खाली बसल्या, आणि मग, नंतर कुठेतरी घेतलेल्या चित्रात, सोललेले तळवे पुढे करून पडद्यावरून सरळ लोकांकडे बघत म्हणाल्या की एक दोर वळताना माझी ही गत झाली. ही माणसं रोज वळतात. त्यांना तुमची दया नको आहे, तळ्याचा गाळ काढायचा आहे. दारात पेटी घेऊन माणसं उभी आहेत. मी मागते आहे, मला द्या.

मग त्यांचं तोंड पडदाभर, आणि संपलं.

थोरली नव्हती. कुठेच नव्हती. काकीने डोळे पुसायला पदर शोधला तर तो वन्संच्या मुठीत.

दिवे लागले तशी व्याही खुर्चीत मागे वळले. कपाळावर आठ्या होत्या.

“विहीणबाई,” ते गंभीरपणे म्हणाले, “तो दोर मात्र आमच्याकडे पाठवू नका. बाईंनी अर्ध्यावर ओढ सैल सोडली होती. पीळ बसला नाही.”

हूंभाऊ म्हणाले, “मी पण त्यांना हेच सांगणार होतो.” लग्नानंतर त्यांनी एका दमात उच्चारलेलं ते सर्वांत लांब वाक्य, असं वन्सं पुढे कितीतरी वर्षं सांगायच्या. आणि काकीला हसू आलं ते थांबेना. आधी लोकांना वाटलं ती रडते आहे. विहिणीने पाणी आणलं. बाहेर पडताना व्याह्यांनी पेटीत टाकलं, आणि टाकताना चार लोक बघतायत ना ते बघून टाकलं.

थोरलीचं लग्न ठरल्या वेळी झालं, निळ्याच कपड्यांत. सासरी ती दुकानात बसू लागली, आणि सासऱ्यांच्या मागे दुकान तिनेच चालवलं. दोर हातात घेऊन तो कुठल्या घरचा ते ती सांगत असे. ताटलीची गोष्ट तिने नवऱ्याला खूप उशिरा, मुलं मोठी झाल्यावर सांगितली. तो म्हणाला की हे मला तेव्हाच शिंप्याकडून कळलं होतं.

धाकटी शिकली आणि परगावी नर्स झाली. तळ्याचा गाळ निघाला. सगळा नाही, पण निघाला. दुसऱ्या वर्षी पाऊस पडला तेव्हा पाणी पायऱ्यांपर्यंत आलं आणि पोरं त्यात म्हशींसारखी पडून राहिली. काठावर पुढाऱ्यांनी दगड बसवला, त्यावर स्वतःचं नाव मोठं आणि बाईंचं बारीक. ते पुढची निवडणूक हरले. चष्मेवाल्याला त्याच चित्रपटासाठी कुठला तरी मान मिळाला, आणि बाईंनी टोक न सोडण्याची कल्पना आपलीच होती असं तो मुलाखतीत म्हणाला. शिंपी शेवटपर्यंत म्हणत राहिला की बाईंनी हे सगळं नावासाठी केलं. ते म्हणताना तो तळ्यात पाय सोडून बसलेला असे.

बाईंचे चित्रपट पुन्हा चालले नाहीत. पण पेट्या घेऊन त्या म्हातारपणापर्यंत हिंडल्या, आणि लोक हसत राहिले. त्या गेल्या तेव्हा गल्लीने एक दिवस चाकं बंद ठेवली. वन्सं त्याआधीच गेल्या होत्या, ते एका परीने बरं झालं. त्यांना सोसलं नसतं. हूंभाऊ झोपेत गेले, काही न बोलता.

काकी मात्र खूप जगली. तिच्या उतारवयात नदीपलीकडच्या वस्तीला पूर आला, गुरंढोरं, विहिरींचे दोर, सगळं वाहून गेलं. गल्लीने गाडीभर दोर वळून तिकडे नेले. वर्तमानपत्राचा माणूस आला होता. त्याला चिखलात उभ्या असलेल्या माणसांच्या हातात दोर देतानाचा फोटो हवा होता. काकीने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. मग तिने केस सारखे केले, खांद्यावर दोराचं वेटोळं घेतलं आणि एकटीच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, हनुवटी वर करून, अगदी नटीसारखी मान वळवून. आणि ज्यांना दोर मिळाले होते ती सगळी माणसं कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून तिला हसत होती.